पागा, लीद आणि लगाम: शाश्वत अश्वपालनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडा पाळणारा माणूस निसर्गाच्या जवळ असतो, असं आपण घोडेवाले स्वतःला सांगत असतो. ओढ्याकाठी साचलेला लिदीचा ढीग आणि खुरांखाली चिखल झालेलं कुरण पाहिलं, की त्यात थोडी फुशारकी आहे हे कळतं. पागा चालवणारे, एखाददुसरा घोडा बाळगणारे आणि स्पर्धांना जाणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न खाली एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. लिदीबद्दल बोलण्यासारखं खूप आहे, सौर दिव्यांबद्दल फारसं नाही.

घोडा पर्यावरणाला खरंच जड पडतो का? मिथेनचा प्रश्न तर गाईम्हशींचा ना?

मिथेनपुरतं बोलायचं तर हो. गाय रवंथ करते. तिच्या पोटाच्या पहिल्याच कप्प्यात चारा आंबतो आणि वायू ढेकरांवाटे बाहेर पडतो. घोड्याचा चारा आंबतो तो मागे, मोठ्या आतड्यात, आणि तिथे मिथेन बराच कमी बनतो. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या हिशेबात एका घोड्यामागे वर्षाला १८ किलो मिथेन धरतात. भरपूर दूध देणाऱ्या गाईचा आकडा शंभर किलोंच्या पुढे जातो.

पण म्हणून कॉलर ताठ करण्याचं कारण नाही. गाय निदान दूध देते. खेळातला घोडा देतो तो मुख्यतः आपल्याला आनंद. त्याचा भार पडतो तो चारा, पाणी, लीद, तुडवलेली जमीन आणि ट्रकच्या डिझेलमध्ये. यातलं बरंचसं पागेच्या फाटकाच्या आतच सुधारता येतं.

एक घोडा किती लीद टाकतो?

५०० किलोंचा घोडा लीद आणि मूत मिळून दिवसाला साधारण २० ते २५ किलो टाकतो. वर्षाचे आठ टन झाले. ठाणातली, म्हणजे घोडा बांधायच्या जागेतली, भिजलेली पाथरी (घोड्याखाली पसरलेला पेंढा किंवा भुसा) यात धरलेली नाही, ती वेगळी. दहा घोड्यांची पागा म्हणजे वर्षाला ऐंशी टनांहून जास्त माल बाहेर काढणारा कारखाना. हा आकडा एकदा कागदावर लिहून पाहिला, की ‘तिकडे मागे टाकतो’ हे उत्तर पुरत नाही.

मग ढीग लावून ठेवला की आपोआप खत होत नाही का?

होतं, पण फार सावकाश, आणि मधल्या काळात पावसाबरोबर त्यातला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) वाहून जातो. नुसता रचलेला ढीग आणि कुजवलेलं खत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा पहिला ढीग वर्षभर तसाच बसून होता. उघडला तेव्हा आतला भुसा जवळजवळ नवा दिसत होता.

चूक भुशातच होती. ढीग कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) २५ ते ३० भाग लागतात. नुसती लीद या प्रमाणाच्या आसपासच असते. लाकडाच्या भुशात मात्र कर्ब नत्राच्या शेकडो पट असतो. ठाण साफ करताना लिदीबरोबर पाटीभर कोरडा भुसाही उचलला, की ढिगाची भूक मारली जाते आणि तो तापतच नाही. उपाय दोन: साफ करताना हात नेटका ठेवायचा, आणि ढिगात हिरवं गवत किंवा दुसरा नत्रवाला कचरा मिसळायचा.

बाकीचं तंत्र सोपं आहे. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर उष्णता टिकत नाही. ओल पिळून ओळखायची: मूठ आवळल्यावर एकदोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. वरून ताडपत्री, खाली पक्की किंवा निदान निचरा न होणारी जमीन, आणि विहीर-ओढ्यापासून लांबची जागा. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून पाहावा. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकलं, की जंतांची अंडी आणि तणाचं बी मरतं. कडेचा माल थंडच राहतो, म्हणून ढीग उलथून बाहेरचं आत घालावं लागतं. ही मेहनत लोक टाळतात, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. नीट कुजल्यावर ढिगाचं आकारमान जवळपास निम्मं होतं आणि त्याला लिदीचा नव्हे, मातीचा वास येतो.

तयार खत बागवाल्यांना दिलं तर त्यात काही धोका?

एक आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. गवताच्या रानात रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड यांसारखी तणनाशकं मारतात. ती गवताला बाधत नाहीत, घोड्यालाही नाहीत. पण ती चाऱ्यातून आतड्यात, आतड्यातून लिदीत आणि लिदीतून खतात जवळजवळ तशीच उतरतात. असं खत टोमॅटो, बटाटा किंवा शेंगवर्गीय पिकाला घातलं, की पानं वाकडीतिकडी होऊन झाड खुरटतं. बागवाला परत कधी तुमच्या दारात येत नाही.

चारा विकत घेताना कोणतं तणनाशक मारलं होतं ते विचारा. खत देण्याआधी थोड्या मातीत मिसळून त्यात घेवड्याचं बी पेरा. दोनतीन आठवड्यांत पानं सरळ आली तर खत बिनधास्त द्या.

ठाणात कोणती पाथरी सर्वांत पर्यावरणपूरक?

जवळ मिळते ती, धूळ नसलेली, आणि लवकर कुजणारी. पेंढा कुजतो चांगला, पण खादाड घोडा तोच खातो. भाताचं तूस कुठे कुठे भरपूर मिळतं, पण कुजायला चिवट असतं. कागदाचे तुकडे आणि तागासारख्या तंतूंची पाथरी ओल छान शोषते. दलदलीतून खणून काढलेली पीट माती मात्र टाळलेलीच बरी. ती शोषते उत्तम, पण हजारो वर्षं साठलेला कर्ब उकरून आपण घोड्याच्या पायाखाली घालत असतो.

भुसा घेताना लाकूड कोणतं ते विचारा. काळ्या अक्रोडाच्या ताज्या भुशावर नुसतं उभं राहिल्यानेही घोड्याच्या खुरांना गंभीर सूज येऊ शकते. ठाणात रबरी चटई घातली की पाथरी कमी लागते, पण म्हणून ती इतकीही कमी करू नये की घोडा आडवा पडायलाच नको म्हणेल. आडवा पडल्याशिवाय त्याची गाढ झोप पुरी होत नाही.

कुरणाची माती झाली आहे. गवत पुन्हा कसं येईल?

घोडा गवताचा फार वाईट पाहुणा आहे. गाय जिभेने गवत ओढते, घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असल्याने तो अगदी मुळाशी कातरतो. त्यात तो एका जागी लीद टाकतो आणि तिथलं गवत खात नाही. मग अर्धं कुरण टक्कल पडल्यासारखं आणि अर्धं रानासारखं माजलेलं दिसतं.

कुरणाचे तुकडे पाडा. एका तुकड्यातलं गवत आठ-दहा सेंटिमीटरवर आलं की घोडे पुढच्यात न्या, आणि चरलेल्या तुकड्याला पुन्हा वाढेपर्यंत हात लावू नका. पावसात जमीन भिजलेली असताना घोड्यांना कुरणात सोडूच नये. त्यासाठी खडी किंवा वाळू घातलेला एक ‘बळीचा तुकडा’ ठरवून ठेवावा, जिथे गवताची अपेक्षाच नाही. फाटक आणि पाण्याची टाकी या जागा सगळ्यांत आधी चिखल होतात. तिथे खाली जाडसर जिओटेक्स्टाइल कापड, वर मोठी आणि मग बारीक खडी असा थर द्यावा. नुसती खडी ओतली तर दोन पावसाळ्यांत ती चिखलाच्या पोटात जाते.

घोड्यांमागून गाईमेंढ्या चारणं ही जुनी आणि उत्तम पद्धत. त्या घोड्याने टाकलेलं गवत खातात, आणि घोड्याचे बहुतेक जंत त्यांच्या पोटात जगत नाहीत.

जमीन कमी असेल तर कुरणाच्या कडेने फिरता मार्ग आखून चारा एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवतात. घोडा दिवसभर चालत राहतो, मधलं गवत वाचतं. मला ही कल्पना आवडते, पण त्या मार्गाचा चिखल होऊ द्यायचा नाही एवढी अट.

जंताचं औषध आणि शाश्वतता यांचा काय संबंध?

थेट संबंध आहे. आयव्हरमेक्टिनसारखी औषधं लिदीतून बाहेर पडतात आणि लिदीत अंडी घालणाऱ्या शेणकिड्यांच्या, माश्यांच्या अळ्या मारतात. शेणकिडे लीद फोडून जमिनीत पुरतात; ते नसले तर लीद कुरणावर तशीच पडून राहते आणि तिच्याभोवती जंत वाढतात. म्हणजे जंतांवरचं औषध जंतांनाच मोकळं रान करून देतं.

दुसरी बाजू जंत औषधाला दाद देईनासे होतात त्याची. गोलकृमींवर औषधांचे तीनच मुख्य वर्ग आहेत, आणि १९८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन आल्यापासून घोड्यांसाठी चौथा आलेला नाही. त्या तिघांतल्या बेंझिमिडाझोल वर्गाला लहान गोलकृमी जगात बहुतेक ठिकाणी पुरून उरले आहेत. तरी ‘दर दोन महिन्यांनी सगळ्यांना औषधाची एकेक नळी’ हा रिवाज अजून सुटत नाही.

त्याऐवजी लिदीची तपासणी करून अंडी मोजा. कळपातले साधारण २० टक्के घोडे ८० टक्के अंडी टाकत असतात. ग्रॅममागे २०० ते ५०० अंड्यांच्या वर असलेल्या प्रौढ घोड्यालाच औषध द्यावं, असं बहुतेक पशुवैद्य सांगतात. शिंगरांचे नियम वेगळे, आणि फीतकृमी किंवा आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या या मोजणीत दिसत नाहीत, म्हणून वेळापत्रक पशुवैद्यानेच ठरवावं. औषध दिल्यावर पहिले काही दिवस घोडा कुरणाबाहेर ठेवून ती लीद ढिगात टाकावी.

आणि सगळ्यांत जालीम उपाय म्हणजे पाटी आणि फावडं. आठवड्यातून दोनदा कुरणातली लीद उचलली, तर अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढण्याआधीच बाहेर जातात. कंटाळवाणं काम आहे, कबूल.

घोड्यांच्या चरण्याने निसर्गाला फायदा होतो असंही वाचलं. खरं काय?

दोन्ही खरं. चेक प्रजासत्ताकात मिलोवित्से इथे सैन्याने सोडलेल्या माळावर २०१५ मध्ये एक्समूर जातीचे अर्धरानटी तट्टू सोडले. माजलेलं गवत त्यांनी खाल्लं आणि फुलझाडांना, फुलपाखरांना जागा मिळाली. उलट नेदरलँड्समधल्या ओस्तफार्डरप्लासन राखीव क्षेत्रात कोनिक घोडे, हरणं आणि गुरं कुंपणाआड वाढू दिली, आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात चाऱ्याअभावी हजारो जनावरं गेली. फरक संख्येचा आहे. मोठ्या रानात थोडे घोडे असतील तर ते माळी असतात. लहान कुरणात जास्त कोंबले की तेच वाळवंट करतात.

चाऱ्यात बचत करता येते का?

चाऱ्यात नाही, चंदीत, म्हणजे धान्याच्या खुराकात येते. घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज लागतोच. ५०० किलोंच्या घोड्याला दिवसाला सुमारे दहा किलो, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांहून जास्त. यात हात आखडला तर पोटात अल्सर आणि पोटशूळ, कारण घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो.

हलकं काम करणाऱ्या घोड्याला चांगलं वाळलेलं गवत, मीठ आणि क्षारांचा पुरवठा बहुतेक वेळा पुरतो. तरी तोबरा भरभरून धान्य आणि प्रथिनं देण्याची हौस दांडगी. जास्तीचं प्रथिन अंगी लागत नाही. त्यातला नत्र मुतातून पडतो आणि ठाणात अमोनिया होऊन घोड्याची फुप्फुसं जाळतो. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे हवेत उडालेले पैसे आहेत. जमिनीवर फेकलेला चारा बराच तुडवला जातो. बारीक जाळीतून दिला तर नासाडी घटते आणि घोडा जास्त वेळ खातही राहतो.

साखर कमी करायला गवत भिजवत असाल तर ते पाणी ओढ्यात सोडू नका. त्यात उतरलेली साखर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि मासे गुदमरतात. ते पाणी ओढ्यापासून लांब, झाडांच्या मुळाशी घाला.

पाण्याचं काय?

घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पितो, उन्हाळ्यात आणि कामावर असताना आणखी. यात काटकसर करायची नाही. पाणी जातं ते अंघोळीत, गळक्या तोट्यांत आणि मैदान भिजवण्यात. छपराचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दोनशे चौरस मीटरच्या पागेवर दहा मिलिमीटरची एकच सर आली तर दोन हजार लिटर. शिवाय पन्हाळी लावली की छपराचं पाणी अंगणात पडून चिखल होत नाही, हा फायदा मला तर त्या पाण्याहून मोठा वाटतो.

सरावाच्या मैदानाला कोणता थर चांगला?

या प्रश्नाला निखळ उत्तर नाही. ड्रेसाजचं (घोड्याच्या शिकवलेल्या चाली पारखणाऱ्या स्पर्धेचं) २० बाय ६० मीटरचं मैदान १२०० चौरस मीटरचं असतं. त्यावर पाच मिलिमीटर पाणी मारायचं तर एका वेळी सहा हजार लिटर लागतात. साधी वाळू उन्हात उडते आणि तिची बारीक सिलिका घोड्याच्या व स्वाराच्या छातीत जाते. म्हणून वाळूत कृत्रिम कापडाचे तुकडे, मेण किंवा टायरचा चुरा मिसळतात. ओल टिकते, घोड्याच्या सांध्यांनाही बरं, पण ते तुकडे झिजून सूक्ष्म प्लास्टिक होतात, वाऱ्यापावसाने शेजारच्या मातीत जातात, आणि दहाबारा वर्षांनी थर बदलायची वेळ आली की ती वाळू कुणी घेत नाही.

घोड्याचं हित आणि जमिनीचं हित बहुतेक ठिकाणी एकाच वाटेने जातं, इथे मात्र जात नाही. खाली जलरोधक थर घालून पाणी खालूनच खेळवणारी मैदानं पाणी वाचवतात आणि नुसत्या वाळूवरही भागतं, पण ती बांधायला महाग. लहान पागेने चांगल्या प्रतीची, कोनदार कणांची वाळू घ्यावी, कडेने झाडं लावून वारा अडवावा आणि रोज फणी फिरवावी. मैदान किती भिजवायचं याहून ते कोणत्या वेळी भिजवायचं याने जास्त फरक पडतो: संध्याकाळी.

सावलीसाठी कोणती झाडं लावू?

स्थानिक, खोल मुळांची. कण्हेर चुकूनही नको. तिची थोडी पानंही घोड्याला मारू शकतात. यू (एक सूचिपर्णी झाड) आणि लाल मेपल हीसुद्धा घातक. छाटलेल्या फांद्या कुरणात टाकायची शेजाऱ्यांना सवय असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोला.

स्पर्धांमधला सर्वांत मोठा भार कोणता?

बहुतेक वेळा प्रवास. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. घोड्यांचा मोठा ट्रक लिटरला चार किलोमीटर चालतो असं धरू. ३०० किलोमीटरवरच्या स्पर्धेला जाऊन-येऊन दीडशे लिटर, म्हणजे चारशे किलोंहून जास्त. आता वरचे १८ किलो मिथेन आठवा: कार्बन डायऑक्साइडच्या मापात ते वर्षाचे पाचशे किलोंच्या आसपास. ट्रकमध्ये एकटाच घोडा असेल, तर एका स्पर्धेच्या फेरीत त्याच्या आतड्याच्या नऊ-दहा महिन्यांइतका धूर निघतो. सहा घोडे एकत्र नेले तर तोच भार सहा जणांत वाटला जातो.

म्हणून आयोजकांना माझं सांगणं कागदी कपांच्या आधी वेळापत्रकाचं असतं. एका पागेचे घोडे ज्या गटांत उतरतात ते गट एकाच दिवशी लावा, जवळच्या स्पर्धा सलग आठवड्यांत घ्या. लांबचा प्रवास घोड्यालाही सोसत नाही. डोकं वर बांधून तासन्‌तास उभं राहिलं की फुप्फुसांत संसर्ग होतो.

१९५६ मध्ये ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे घोडेस्वारी स्टॉकहोमला झाली. तेव्हा ती तडजोड होती. घोडे कमी हलवून स्पर्धा कशी घ्यायची, हा प्रश्न आज आपण आपणहून विचारायला हरकत नाही.

घोड्याचं कल्याण हा पर्यावरणाच्या यादीतला विषय आहे का?

लोकांना पटत नसेल तो खेळ टिकत नाही. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत बिथरलेल्या घोड्याला बुक्की मारल्याचं चित्र जगाने पाहिलं. पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळली गेली आणि तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२२ मध्ये नीती आणि कल्याणासाठी वेगळा आयोग नेमला, तोही अशाच दबावातून. घोड्याच्या नाकाभोवती आवळायची नाकपट्टी आणि नाकाचं हाड यांमध्ये दोन बोटांची जागा हवी हा जुना नियम. २०२५ पासून महासंघ ती जागा ठरावीक साधनाने मोजतो, कारण बोटं माणसागणिक बारीक होत होती.

सौर दिवे, जुनं खोगीर, नाल नसलेले खूर, यांनी किती फरक पडतो?

थोडा. विजेचं कुंपण सौर पेटीवर चालतं, दिवे एलईडी लावा, झालं. चामड्याचं खोगीर तेलपाणी केलं तर पंचवीस-तीस वर्षं टिकतं, म्हणून वापरलेलं घ्या. मात्र आतला सांगाडा तुटलेला नाही आणि ते घोड्याच्या पाठीला बसतं, हे जाणकाराकडून तपासून घ्या. नालेचं पोलाद पुन्हा वितळवता येतं. नाल काढायचा निर्णय नालबंद आणि पशुवैद्यावर सोडा, तो पर्यावरणाचा प्रश्न नाही.

निवृत्त घोड्यांचं काय करायचं?

घोडा २५ ते ३० वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावू लागतो आणि बरेचसे सहा-सात वर्षांचे होईपर्यंत बाहेर पडतात. पुढची वीस वर्षं तोही खातो, पितो, लीद टाकतो. त्याला दुसरं काम शिकवता आलं नाही तर त्याच्या जागी नवं शिंगरू जन्माला घातलं जातं, आणि सगळा खर्च पहिल्यापासून. ड्रेसाजमध्ये सर्वोच्च पातळीवर उतरायला घोडा किमान आठ वर्षांचा लागतो, आणि कित्येक घोडे पंधराव्या वर्षानंतरही तिथे दिसतात. तो वेग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. घोडीला गाभण ठेवण्याआधी एवढं विचारा: हे शिंगरू वीस वर्षांनी कुणाच्या दारात उभं असेल?

आणि घोडा गेल्यावर?

हा प्रश्न लोक शेवटी, हळू आवाजात विचारतात. यातना संपवण्यासाठी पशुवैद्य बहुधा पेंटोबार्बिटॉल देतात. ते शरीरात तसंच राहतं, महिनोन्‌महिने, आणि त्या शरीरावर चरणारी गिधाडं, गरुड, कुत्री त्याने मरतात. म्हणून देह उघड्यावर टाकायचा नाही. पुरायचा तर खोल, विहीर आणि ओढ्यापासून दूर, भूजल वर नसलेल्या जागी, आणि स्थानिक नियम परवानगी देत असतील तरच, नाहीतर दहन. घोडा म्हातारा झाला की ही जागा आणि सोय पशुवैद्याशी बोलून आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी कुणाचंही डोकं चालत नाही.